चारशे ग्रॅमचे वॉटरप्रूफ बूट, पाच महिन्यांनंतर: वरून भक्कम, सुखतळ्यात कच्चे

डाव्या बुटात ओल येते, ही तक्रार मांडायला हे लिहायला घेतलं होतं. सर्व्हिस विभागाशी तीन आठवडे वाद चालला. त्या वादात बूट आतून-बाहेरून तपासावे लागले, आणि त्यात ओलीपेक्षा मोठा दोष हाती लागला. म्हणून अर्धा भाग नव्याने लिहिला आहे.

बूट नेहमीच्या पठडीतले. घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे, आत मेम्ब्रेन (पाणी अडवणारा आणि वाफ जाऊ देणारा पातळ पडदा), ४०० ग्रॅमचं अस्तर, खाली खोल खाचांचा रबरी तळ. वापर आठवड्यातून तीन-चार दिवस: भुसभुशीत बर्फ, वितळता चिखल, ओलं गवत, आणि मधूनमधून एका जागी दोन-दोन तास उभं राहणं. तापमान अधिक ५ पासून उणे १५ अंश सेल्सियसपर्यंत.

चालताना हे बूट उत्तम आहेत. उणे १५ मध्येही चढावर पाय गरम राहिले, उलट घामच जास्त आला. उभं राहिलं की पंचविसाव्या मिनिटाला तळवा गार पडायला लागायचा, तोही चवड्याखालून. बोटांच्या वरच्या बाजूला, घोट्याला काही नाही. इथेच पहिली शंका यायला हवी होती, कारण थंडी जिथून शिरते तिथेच ती आधी जाणवते.

खोक्यावरचा ४०० हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर अस्तराचं वजन. बुटात किती अस्तर भरलंय आणि कुठे भरलंय, हे त्यावरून कळत नाही. सतत चालणाऱ्याला २०० पुरतं, चालणं-थांबणं दोन्ही असेल तर ४००, आणि तासन्‌तास बसून राहायचं असेल तर ८०० किंवा जास्त, असा ढोबळ हिशेब आहे. पण हे अस्तर बहुतेक बुटांत वरच्या भागात असतं, पायाच्या बाजूंनी आणि चवड्यावरून. तळव्याखाली काय आहे, ते वेगळं विचारावं लागतं. या बुटात तळव्याखाली होता फक्त एक सुखतळा.

तो बाहेर काढला आणि कॅलिपरने जाडी मोजली. टाचेखाली ३.५ मि.मी., चवड्याखाली जेमतेम २. जिथे अंगठ्याचा उंचवटा दाबतो तिथे तर फोम चपटा होऊन चकाकत होता, बोटाने दाबला तरी दबेना. ऊब धरून ठेवतो तो फोम नव्हे, त्याच्या पोटात अडकलेली हवा. फोम दबला की ती हवा निघून जाते, आणि उरतो प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. त्यात घामाची ओल जिरली की आणखी बिघडतं, कारण पाणी हे स्थिर हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. बुटाचा वरचा भाग इतका विचारपूर्वक शिवायचा आणि सगळं शरीर ज्या चार बोटं रुंद जागेवर उभं राहतं तिथे ही चकती टाकायची, याचा मला अजूनही राग आहे. सगळ्या बुटात हा सर्वांत स्वस्त भाग असेल, आणि नेमकी तिथेच काटकसर केली आहे.

उपाय साधा आणि कमी खर्चाचा आहे: लोकरीचा दाबून केलेला नमदा, म्हणजे फेल्ट. लोकरीच्या तंतूंना मुळातच पीळ असतो, त्यामुळे वजनाखाली ते फोमसारखे कायमचे लोळागोळा होत नाहीत आणि ओले झाले तरी थोडी ऊब धरतात. कंपनीचा सुखतळा फेल्टवर ठेवून पेनाने कडा आखा. रेषेच्या आतून कापा, म्हणजे कडा वर दुमडून बोटांखाली वळकटी होत नाही. टाचेकडचा भाग शेवटी कापा आणि दर वेळी बुटात घालून पाहा. जास्त कापलं तर टाच पुढे सरकते आणि उतारावर नखं पुढच्या कडेवर आपटतात.

जाडीबद्दल माझं आधीचं मत चुकीचं ठरलं. जितका जाड तितका गरम, असं समजून आधी ९ मि.मी.चा घातला. पाय आणखी गार पडले. पायाची वरची बाजू चामड्याला टेकली, नाडी दोन बोटं कमी आवळली तरी घट्ट बसू लागली, आणि बोटं हलायला जागा उरली नाही. पाय दाबला गेला की रक्ताभिसरण घटतं, आणि बुटात उष्णता आणणारं दुसरं काहीच नसतं. बूट स्वतः गरम नसतो, पायाने आणलेली ऊब तो फक्त सांभाळतो. शेवटी ५ मि.मी.चा फेल्ट आणि एकच जाड लोकरी मोजा यावर गाडी बसली. उभं राहण्याचा काळ पंचवीस मिनिटांवरून तासाच्या पुढे गेला, त्याच बुटात, त्याच थंडीत. दोन मोजे एकावर एक चढवणाऱ्यांनाही हेच लागू आहे: जागा असेल तरच.

चंदेरी थराचे ‘उष्णता परावर्तित करणारे’ सुखतळेही मिळतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका. परावर्तन उपयोगी पडायला समोर मोकळी जागा लागते. इथे पाय सुखतळ्यावर आणि सुखतळा तळावर दाबून बसलेला असतो, उष्णता स्पर्शातूनच खाली जाते. तिथे जाडी आणि अडकलेली हवा यांचंच काम आहे.

फेल्टची एक अडचण मात्र आहे. तो घाम पितो. रोज रात्री बाहेर काढून वाळवावा लागतो आणि सकाळपर्यंत वाळतोच असं नाही. म्हणून एका कापडातून दोन जोड कापून घ्या आणि आलटून पालटून वापरा.

आता ओलीचं. सुरुवातीला दोन्ही मोजे दमट निघायचे, डावा जरा जास्त. मी सरळ ‘मेम्ब्रेन फाटलं’ असं कळवलं. उत्तर आलं, हा पायाचा घाम आहे, वॉरंटीत बसत नाही. उत्तर तिरसट होतं, पण उजव्या बुटापुरतं बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. दोन पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणलेल्या टेफ्लॉनचं जे मेम्ब्रेन शोधलं, त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि वाफेला जाऊ देतात. पण वाफ आपणहून जात नाही. आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तरच ती ढकलली जाते. वरचं चामडं पाणी पिऊन जड झालं की वाफेची वाट बुजते. मेम्ब्रेन शाबूत असतं, बाहेरचं पाणी आत येत नाही, तरीही मोजा ओला. लोक याला गळती समजतात आणि चांगले बूट परत करतात.

घाम की गळती, हे ओळखायची चाचणी दहा मिनिटांची आहे. बूट पूर्ण कोरडे हवेत. पातळ, फिकट रंगाचे सुती मोजे घाला. टबात ८ सें.मी. पाणी घेऊन उभे राहा आणि दर काही सेकंदांनी टाच उचलून चवडा वाकवा, पुन्हा टाच टेका. वाकवणं महत्त्वाचं, कारण बहुतेक गळती घडीवरच असते आणि बूट नुसता पाण्यात ठेवला तर दिसत नाही. दहा मिनिटांनी मोजे काढून पाहा. घाम असेल तर सगळा तळवा सारखा दमट. गळती असेल तर ठळक कडांचा एक डाग. बुटात पाणी भरून बाहेर कुठे पाझरतं ते बघायचा प्रकार टाळा. अस्तर भिजतं आणि वाळायला दोन-तीन दिवस जातात.

उजवा मोजा कोरडा निघाला. डाव्यावर करंगळीच्या मागे, बूट चालताना जिथे मोडतो त्या घडीवर, नाण्याएवढा डाग. सलग तीन वेळा तिथेच. व्हिडिओ पाठवल्यावर सूर बदलला आणि जोडी बदलून द्यायचं ठरलं. तेव्हा भांडताना ‘दोन्ही बूट गळतात’ असं लिहू नका, चाचणी करा आणि डाग दाखवा.

गळतीचं कारण बाहेरून शोधून सापडत नाही. वाळूचे कण मोज्याला चिकटून आत येतात, घडीपाशी अडकतात आणि प्रत्येक पावलाला अस्तर घासत राहतात. वाढलेली नखंही हेच करतात. मेम्ब्रेन दोन थरांच्या मध्ये असल्याने नंतर ठिगळ लावता येत नाही. वरून मेण लावलं तर गळती मंदावते, थांबत नाही. म्हणून दर वापरानंतर सुखतळा काढून बूट उलटे करून झटका.

आणखी एक गोष्ट दुकानातच तपासता येते. नाड्यांखालची जीभ पुढे ओढून पाहा की तिला बाजूच्या चामड्याशी जोडणारी पडदी किती उंचीपर्यंत शिवली आहे. या बुटाची उंची १८ सें.मी., पण पडदी जमिनीपासून ११ सें.मी.वर संपते. वरच्या सात सें.मी.त जीभ आणि चामडं यांच्या मध्ये उघडी फट आहे. म्हणजे पाणी अडवण्याची खरी उंची ११. भुसभुशीत बर्फात गेटर (बुटाचं तोंड आणि नडगी झाकणारं कापडी आवरण) लावल्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर बर्फ त्या फटीत साठून वितळतो.

माप घेताना सुखतळा काढून त्यावर जाड मोज्यासह उभे राहा. अंगठ्यापुढे १२ ते १५ मि.मी. जागा दिसली पाहिजे. संध्याकाळी माप घ्या, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो. फेल्ट घालायचाच असेल तर तो सोबत न्या.

‘उणे ३० पर्यंत’ छापाच्या आकड्यांवर जाऊ नका. चालताना की उभं राहून, किती वेळ, कोणत्या मोज्यात, हे त्यात नसतं. त्यापेक्षा कामगारांच्या सुरक्षा बुटांवरची ‘सीआय’ ही खूण अर्थपूर्ण आहे: बूट उणे १७ अंशांत ३० मिनिटं ठेवल्यावर आतल्या तळाचं तापमान १० अंशांहून जास्त उतरता कामा नये. निदान ती तळ मोजते.

पकड भुसभुशीत बर्फात आणि चिखलात चांगली आहे. ओल्या, गुळगुळीत बर्फावर नाही, आणि कोणत्याच रबराची पूर्ण भरवशाची नसते. बुटांवर चढवायचे साखळीचे काटे सोबत ठेवा.

वाळवणं: नाड्या पूर्ण सैल, जीभ बाहेर, सुखतळा बाहेर, आत कागदाचे बोळे, पहिल्या दोन तासांनी बदलायचे. हीटर किंवा शेगोटीजवळ ठेवू नका. चामडं आकसून तडकतं आणि तळाचा गोंद सुटतो. चामड्यावर पाणी मोत्यासारखं न थांबता पसरून गडद डाग पडू लागला की ब्रश आणि कोमट पाण्याने धुऊन, ओले असतानाच पाणी झटकणारा, पाण्यावर आधारित फवारा मारा. पाच महिन्यांत मला दोनदा लागला. चरबीयुक्त तेल चोपडू नका, चामडं लिबलिबीत होतं आणि घोट्याचा आधार जातो.

मोसम संपल्यावर बूट बंद खोक्यात कोंबू नका. मधला तळ पॉलीयुरेथेनचा असेल तर हवेतल्या दमटपणाने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात आणि न वापरलेला जोडही काही वर्षांनी चालता चालता भुगा होऊन सुटतो. म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा घेताना जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर बनवल्याचा महिना-वर्ष असेल तर ते वाचा.

ता. क. बदलून दिलेली जोडी आली. टबातली चाचणी दोन्ही बुटांनी पार केली. पडदी तेवढीच, ११ सें.मी. सुखतळा तोच, नवा असल्याने चवड्याखाली ३ मि.मी. तो काढून त्याच दिवशी फेल्ट बसवला.