मालकाच्या मागे लागायचं की स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापायचं?

भाड्याच्या घरात काही बिघडलं की काय करायचं, हा इंदिरानगरात भाड्याने राहणाऱ्या मावसबहिणीचा प्रश्न.

मागे लागण्यात पैसे जात नाहीत, संबंधही टिकतात. पण "पाऊस उघडला की बघू" ऐकत श्रावण सरतो.

स्वतः करायचं तर आधी करारनामा वाचा. दुरुस्ती भाडेकरूच्या गळ्यात असेल तर विषय संपला. नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: लेखी नोटीस द्या, किमान १५ दिवस थांबा, मग दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना १०,००० असेल तर ३०,०००. पावत्या, फोटो जपा. मालकाचं तोंड वाकडं होणारच.

नळ, वायरिंग अडलंय आणि अजून बरेच महिने राहायचंय, तर नोटीस. गळणारी गच्ची सोसायटीची असेल किंवा करार संपत आला असेल, तर मालकालाच पुढे करा.