वस्तीतले वाचनालय: वर्षभराच्या सभासदत्वानंतर

निपाणीजवळच्या आमच्या गावात समाजमंदिराच्या मागच्या खोलीतले हे वाचनालय मी शाळेत असताना दोन कपाटे आणि एका लांब बाकावर चालत असे. पुढे कपाटांना वाळवी लागली, दाराला कुलूप पडले, आणि त्या दारासमोर तंबाखूची पोती रचली जाऊ लागली. गेल्या वर्षी वस्तीतल्या तरुणांनी घरोघर वर्गणी काढून ते पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शंभर रुपये अनामत भरून मी सभासद झालो.

वाचनालय हा आमच्या आंबेडकरी चळवळीचा उपरा विचार नव्हे. डॉ. आंबेडकरांनी स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1924 साली जे उद्देश जाहीर केले त्यांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्गही होते, आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः परिषदेसाठी निपाणीत आले होते. या इतिहासाशेजारीच कार्यकर्त्यांनी भिंतीवर अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या वेस्टर्न शाखेची माहिती लावली आहे, आणि ती शोभेसाठी लावलेली नाही. काळ्या नागरिकांना शहराच्या मुख्य ग्रंथालयात मज्जाव होता, म्हणून अल्बर्ट मेझीक या मुख्याध्यापकाने मागणी लावून धरली आणि 1905 साली एका घराच्या तीन खोल्यांत ही शाखा सुरू झाली. पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून तिची इमारत 1908 साली झाली. माझ्या मते मात्र खरी गोष्ट इमारतीची नाही. तिचे ग्रंथपाल थॉमस फाउंटन ब्लू यांनी काळ्या तरुणींसाठी ग्रंथपालनाचे वर्ग चालवले, आणि तिथे शिकलेल्या स्त्रिया इतरत्रही ग्रंथालयांत काम करू लागल्या. पुढे 2001 साली प्रिन्स या गायकाने या शाखेला 12,000 डॉलर गुपचूप दिले, हे 2016 साली तो गेल्यावर लोकांना कळले.

आमच्याकडे पैसा आला, रंग लागला, नवी टेबले आली. कमतरता आहे ती ब्लू यांच्यासारख्या माणसाची. पुस्तके चांगली आहेत. स्पर्धापरीक्षेचे कपाट तर तालुक्याच्या ठिकाणी शोभेल असे आहे, आणि आत्मचरित्रांचा खण माझ्या अंदाजापेक्षा समृद्ध निघाला. पण दाखल क्रमांक पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेले असल्यामुळे हात लागताच पुसतात, आणि देवघेवीच्या वहीत पुस्तकाचे नाव कधी मराठीत, कधी नुसत्या आद्याक्षरांत असते. मी परत केलेले एक पुस्तक तीन महिने माझ्याच नावावर होते. शेवटी ते कपाटातून काढून टेबलावर ठेवले, तेव्हा कुठे नाव कमी झाले. कानडी पुस्तकांचा एकच खण आहे, आणि गल्लीतली निम्मी मुले कानडी शाळेत जातात, ही उणीव लवकर भरून काढायला हवी.

वेळेबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. फलकावर संध्याकाळी पाच ते आठ असे लिहिले आहे, परंतु किल्ली एकाच्या खिशात असते आणि तो शेतात अडकला की दार उघडत नाही. विड्या वळणाऱ्या बायका तयार विड्यांची टोपली कारखान्यात देऊन, मोजणी आणि बादमाल (सदोष म्हणून नाकारलेल्या विड्या) यांवरून वाद घालून घरी येतात, तेव्हा साडेसात वाजून गेलेले असतात. ज्यांच्यासाठी वाचनालय उघडल्याचे उद्घाटनाच्या दिवशी सांगितले गेले, त्यांनाच ते बंद सापडते. शेजारच्या एक मावशी मुलीकरवी पुस्तक मागवतात. परत येणाऱ्या पुस्तकाच्या कोपऱ्यांवर तंबाखूचे पिवळट डाग असतात, आणि त्यावरून पुस्तक शेवटपर्यंत वाचले गेले की मध्येच थांबले, हे मला ओळखता येते. गेल्या खेपेचे शेवटच्या पानापर्यंत डागाळलेले होते.

तरीही वर्गणी मी पुन्हा भरली आहे. मासिक दहा रुपयांत एका वेळी दोन पुस्तके मिळतात, आणि रविवारी सकाळी, जेव्हा दार हमखास उघडे असते, खिडकीजवळच्या बाकावर निवांत बसता येते. येणाऱ्याने घरून पेन आणि जुनी वर्तमानपत्रे आणावीत, कारण पुस्तकांना आवरणे घालण्याचे काम अजून निम्मेही झालेले नाही. दुसरी किल्ली करून घेण्याचा विषय मी पुढच्या बैठकीसाठी लेखी दिला आहे.