खोक्याचा नंबर जुळला, कॅमेऱ्याचा नाही

मे महिन्यात ताडोबात जिप्सीत बसून लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर धूळ ओढवून घ्यायची. म्हणून दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हवी होती: एकीवर २००-५०० मिमीची लेन्स, दुसरीवर ७०-२०० ची. घरात जुना निकॉन डी७२०० पडून होता, पण माझा नेहमीचा कॅमेरा निकॉन डी५००, आणि या दोघांची बटणं जुळत नाहीत. डी५०० वर आयएसओचं बटण शटरजवळ, डी७२०० वर स्क्रीनच्या डावीकडे. डी५०० वर अंगठ्याखाली फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे फोकस धरतो ती जागा) सरकवायची जॉयस्टिक. डी७२०० ला ती नाहीच. वाघ समोर आला की डोकं चालत नाही, बोटं चालतात. बिबट्याच्या वेळी ती चुकीच्या बटणावर गेली होती. तो विषय नको.

तेव्हा दुसराही डी५००च. उत्पादन बंद झालंय, म्हणून सेकंडहँड. पुण्यातल्या एकाची जाहिरात दिसली: शटर काउंट (आजवर काढलेल्या क्लिकची संख्या) १८ हजार, किंमत ६५ हजार. या मॉडेलचं शटर २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे कॅमेरा नवाच म्हणायचा. मीही स्वतःला शहाणा समजतो. काउंट आणि कॅमेऱ्याचा सिरियल नंबर फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतली ही माहिती गळून जाते, म्हणून एका फोटोची मूळ फाइल मेलवर मागितली. त्याने लगेच पाठवली. काउंट खरंच १८ हजार. फाइलमधला सिरियल नंबर लिहून घेतला आणि चहाच्या हॉटेलात भेटल्यावर खोक्यावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला. जुळला! बॉडीवरचा बघायचं सुचलंच नाही. "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, दादा," असं तो दोनदा म्हणाला होता. पकडीचं रबर छान घट्ट होतं (नवीन चिकटवलेलं, हे नंतर कळलं). मेनू गोल पॅडने फिरवून पाहिला, चार फोटो काढले, पैसे रोख मोजले.

मोहर्लीच्या सफारीत वाघीण रस्त्यावर आली आणि उजवीकडे वळली. जॉयस्टिक उजवीकडे रेटली, पॉइंट ढिम्म. डावीकडे, वर, खाली जातोय, उजवीकडे नाही. गोल पॅडने सरकवता आला असता, पण ते सुचेपर्यंत ती बांबूत शिरली.

घरी येऊन त्या दिवशीच्या फाइली उघडल्या. काउंट २ लाख ३७ हजार, नंबर भलताच. खोकं आणि फोटो एका कमी वापरलेल्या कॅमेऱ्याचे, माझ्या हातात मात्र घासून संपलेली बॉडी. त्याचा फोन लागत नाही.

जुना कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं एसडी कार्ड न्या, तिथेच एक फोटो काढा, लॅपटॉपवर काउंट बघा. फाइल, खोकं आणि बॉडी, तिन्हींवरचा नंबर एकच हवा. आणि प्रत्येक बटण दाबा, जॉयस्टिक चारही बाजूंना हलवा. पुसून चकचकीत केलेली बॉडी बघून भुलू नका.

चौकीत अर्ज दिलाय. पावती नाही, व्यवहार रोख. हवालदारसाहेबांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "चालतो ना पण?"

चालतो म्हटलं, उजवीकडे सोडून.