सोलापुरात मुलाकडे: शहरातला मुक्काम की देवदर्शनाची फेरी?
नोकरीनिमित्त मुलगा सोलापुरात स्थिरावला की आईवडिलांच्या पहिल्या भेटीत दोन बेत हमखास निघतात: शहरातच निवांत राहावे, किंवा गाडी ठरवून अक्कलकोट, तुळजापूर करून यावे.

दुसरा बेत सोपा वाटतो, कारण अक्कलकोट सुमारे 40 आणि तुळजापूर सुमारे 45 किलोमीटरवर आहे. परंतु दोन्ही वेगळ्या दिशांना असल्याने आणि मंगळवारी, शुक्रवारी वा पौर्णिमेला तुळजापुरात रांग वाढत असल्याने दिवस प्रवासातच सरतो, आणि ज्याला भेटायला आलो तो चालकाशेजारी बसून रस्ता दाखवत राहतो. पंढरपूर त्याच दिवशी जोडण्याचा हट्ट तर करूच नये.

शहरातल्या मुक्कामाला अशी घाई नसते. ऊन चढण्यापूर्वी तलावातल्या सिद्धेश्वर मंदिरात जावे, लगतचा भुईकोट किल्ला पाहावा आणि दुपारी कडक भाकरी चुरून आमटीत भिजवावी. सोबत तेल सुटेपर्यंत कुटलेली, बोटांनी दाबली तर गोळा होणारी शेंगाचटणी असावी. चादरींची खरेदी संध्याकाळी होते. मुलाचा वाणी कोण, डबा कुठून येतो, शेजारी कसे आहेत, हे आईला याच बेतात कळते, आणि तिला खरे तर तेच पाहायचे असते.

म्हणून पहिल्या भेटीत शहरातला मुक्कामच उजवा. नवस फेडायचा असल्यास एकच क्षेत्र निवडून पहाटे निघावे. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र दोन्ही बेत फसतात. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना यावे.