कधीच दुकानात न आलेला कमोडोर, आता माझ्या टेबलावर

खोका उघडला आणि बायको म्हणाली, "हा कीबोर्ड आहे की पाटा?" तिचं काही चुकलं नाही. मेगा६५ म्हणजे जुन्या कमोडोर ६५चा नवा अवतार, कीबोर्डातच अख्खा संगणक. चांगलाच धिप्पाड आहे, अंगातच साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह!

कमोडोर कंपनीच्या मूळ कमोडोर ६५ची (सी६५) कथा अर्धवट राहिलेली. सी६४ म्हणजे कमोडोर ६४, त्या गाजलेल्या घरगुती संगणकाचा वारस म्हणून १९९०-९१च्या सुमारास त्याचे नमुने तयार झाले: ४०९६ रंगांतून एका वेळी २५६, आवाजासाठी दोन सिड चिप. पण कंपनीचाच जास्त ताकदीचा संगणक अमिगा ५०० बाजारात असताना आठ बिटचं हे यंत्र कोण घेणार होतं? प्रकल्प गुंडाळला. १९९४ला कंपनी बुडाली, तेव्हा उरलेले नमुने माल मोकळा करताना विकले गेले. आज लिलावात ते हजारो युरोंना जातात, म्हणजे आपल्या आवाक्याबाहेर.

मेगा६५मध्ये तीच रचना एफपीजीए चिपवर (हवं ते सर्किट आत रचता येतं अशी चिप) नव्याने उभी केलीय. मूळ प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा, हा ४०चा. एचडीएमआयने सरळ टीव्हीला जोडला.

कळा दाबायला झकास. सी६४सारखं चालवायला 'गो६४' टाइप केलं की मशीन आधी विचारतं, नक्की ना? 'वाय' दाबलं, आणि समोर ती ओळखीची निळी स्क्रीन. पोटात कालवलं हो.

जुन्या फ्लॉप्या मात्र जपून घ्या. बाजारातून दहा आणल्या, चार बुरशी लागलेल्या निघाल्या. शिवाय खास सी६५साठीचे गेम मोजकेच. नुसतं खेळायचं असेल तर एवढे पैसे घालू नका. बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रात्र जागवायची खोड असेल, तर घ्या.