४.४९ हेडची मॅच पेलेट: काही महिने वापरल्यानंतर, आणि मराठवाड्यात ती मिळवायची कशी

निकाल आधी सांगतो. ०.५३ ग्रॅमची, ४.४९ मिमी हेडची मॅच पेलेट (१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत मारायची शिशाची छोटी गोळी; हेड म्हणजे तिचं डोकं) ही उत्तम वस्तू आहे, पण सरसकट सगळ्यांसाठी नाही. ज्या बॅरलला (रायफलच्या नळीला) ती मानवते तिथे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका, ४.५०पेक्षा स्पष्टपणे आवळतो. मानवत नसेल तर पैसे पाण्यात. आमच्या रेंजवरच्या मॅच रायफलींपैकी काहींनाच ती लागू पडली, बाकीच्या ४.५०वरच खूश आहेत. तरीही ज्यांना लागू पडली त्यांच्यासाठी ती मागवत राहणं भाग आहे, आणि संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत कुठल्याही दुकानात ती सहज हाताला लागत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ हे आकडे कॅलिबरचे नाहीत. कॅलिबर सगळ्यांचं ४.५ मिमीच. आकडा असतो पेलेटच्या चपट्या डोक्याच्या व्यासाचा. बॅरलच्या आत रायफलिंगच्या (पिळाच्या खाचांच्या) ज्या उंच कडा असतात त्यांवर हे डोकं टेकून सरळ पुढे जातं, आणि मागचा पोकळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने फुलून खाचा बंद करतो. डोकं सैल असेल तर पेलेट बॅरलमध्ये किंचित तिरकी बसते आणि तशीच डुलत बाहेर पडते. जास्त घट्ट असेल तर शिसं खरवडलं जातं, दर शॉटला वेग बदलतो आणि बॅरल लवकर घाण होते. दोन बॅरल एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या असल्या तरी आतून शंभर टक्के सारख्या नसतात. त्यामुळे ‘अमुक खेळाडू ४.४९ वापरतो’ ही माहिती तुमच्या रायफलसाठी काही कामाची नाही.

एवढ्याशा फरकाने गुण किती हलतात? १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा आणि दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिमी. दशांश गुणांत (जिथे एका शॉटचे कमाल १०.९ असतात) याचा अर्थ असा की पेलेट केंद्रापासून दर ०.२५ मिमी सरकली की ०.१ गुण गेला. १०.९ हवा असेल तर पेलेटचा मध्य केंद्राच्या ०.२५ मिमीच्या आतच पडायला हवा. आता वाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडलेल्या रायफलचा दहा शॉटचा ग्रुप बाहेरून बाहेर मोजून ६ मिमी आला, तर त्यातून पेलेटचे ४.५ वजा करून मध्य ते मध्य १.५ मिमी उरतात. म्हणजे सगळ्यात वाईट शॉट केंद्रापासून साधारण पाऊण मिमीवर, ०.३ गुणांचा तोटा. तोच ग्रुप ८ मिमी आला तर तोटा ०.७पर्यंत जातो, आणि तोही शूटरचा हात अजिबात न हलता! ६० शॉटच्या मॅचमध्ये कमाल ६५४ गुण असतात. ६१५-६२०च्या पुढे झगडणाऱ्या मुलामुलींना हा फरक निकालपत्रावर दिसतो. ५८०-५९०च्या आसपास असणाऱ्यांना दिसणार नाही. त्यांनी आधी ट्रिगर आणि पोझिशनवर वेळ घालवावा.

चाचणी नीट केली नाही तर सगळी खरेदी अंदाजपंचे होते. स्टॉक (दस्ता) काढून बॅरल आणि अ‍ॅक्शन (बॅरलच्या मागचा, पेलेट भरायचा आणि ट्रिगरचा भाग) वाइसमध्ये पकडा, जबड्यांना चामडं किंवा रबर लावा. वाइस टेबलाला बोल्टने घट्ट हवा, टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर आणखी चांगलं. पकड अ‍ॅक्शनवर घ्या, बॅरलच्या तोंडाजवळ आवळू नका. पेलेट बदलली की पहिले पाच-सात शॉट मोजायचेच नाहीत. आधीच्या पेलेटचा शिशाचा थर आत असतो, नवी पेलेट आपला थर बसवेपर्यंत ग्रुप भरकटतो. त्यानंतर दहा-दहा शॉटचे किमान तीन ग्रुप घ्या. एका सुंदर ग्रुपवर भुलून अख्खा लॉट (एकाच वेळी तयार झालेला माल) उचलणारे पुष्कळ असतात आणि पुढे तेच पस्तावतात. हवेच्या सिलिंडरचा दाब चाचणीभर दाबमापकाच्या हिरव्या पट्ट्यात ठेवा. कागदी टार्गेट असेल तर मागे पुठ्ठा लावा आणि कूलर बंद करा. आपल्याकडे उन्हाळ्यात रेंजवर कूलर लागतोच, त्याच्या झोतात कागद थरथरतो आणि दमट झाल्यावर छिद्राची कड फाटते, मग मोजमाप कशाचं करायचं?

आमच्याकडे जिथे ४.४९ बसली तिथे ग्रुप साडेपाच ते सहा मिमीच्या आसपास स्थिरावला आणि तिन्ही वेळा जवळपास तसाच आला. हे ‘तिन्ही वेळा’ महत्त्वाचं. त्याच रायफलीत ४.५० कधी सहा, कधी साडेसात देत होती.

हेडइतकाच लॉट महत्त्वाचा. डबीच्या मागे छापलेला लॉट नंबर बदलला की पेलेट वेगळी समजा, नाव आणि हेड तेच असलं तरी. साच्याची झीज होते, शिशाचं मिश्रण किंचित हलतं. आरडब्ल्यूएसची आर-१०, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबीची मॅच, क्यूवायएस या सगळ्या स्पर्धेच्या दर्जाच्या पेलेट आहेत. त्यांत कोणती श्रेष्ठ यावर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा दोन लॉट शेजारी ठेवून मारून बघणं शहाणपणाचं. व्हर्नियरने हेड मोजायच्या भानगडीत पडू नका. शिसं मऊ असतं, जबड्यात दबतं आणि आकडा चुकीचा येतो. मोजायचंच असेल तर ठरावीक मापाची भोकं असलेली गेज पट्टी मिळते, ती वापरा.

वजन करून पेलेट निवडण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. हिशेब सोपा आहे. मॅच रायफलचा वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंद धरला तर १० मीटरवर पोहोचेपर्यंत पेलेट सुमारे १७ मिमी खाली येते. ०.५३ ग्रॅममध्ये ०.०१ ग्रॅमचा फरक पडला तर ही घसरण ०.३ मिमीच्या आसपास बदलते, म्हणजे जेमतेम ०.१ गुण. चांगल्या लॉटमध्ये एवढा फरक क्वचितच सापडतो. त्यामुळे रोजच्या सरावाला वजन करत बसू नये. स्पर्धेच्या डबीतून स्कर्ट चेपलेल्या पेलेट बाजूला काढल्या तरी पुरे.

स्कर्ट चेपणं हीच इथली खरी डोकेदुखी आहे. मुंबई-पुण्याहून पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिकीत येतं, वर कांद्याची पोती की मोटारसायकलचं इंजिन, काही नेम नाही. डबी आतून अर्धवट रिकामी असेल तर रस्ताभर पेलेट एकमेकींवर आपटतात. पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगा: झाकणाला चिकटपट्टी, आत फोमची चकती, डब्या उभ्या न ठेवता आडव्या आणि घट्ट. आल्यावर डबी उलटी ओतू नका. पांढऱ्या कागदावर हलकेच पसरा आणि मागच्या बाजूने बघा. स्कर्टचं वर्तुळ जरा अंडाकृती दिसलं तरी ती पेलेट सरावाला टाका.

साठवण लोखंडी कपाटात करा, लाकडी पेटीत नको. काही लाकडांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते, आणि पावसाळ्यात ओल असली की लवकर. अशी भुकटी आलेली पेलेट मारू नये, मुलांच्या हाती तर देऊच नये. पेलेट ओठात धरायची सवय कुणाला असेल तर आजच मोडा. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा नियम कोचनेच कडक ठेवला पाहिजे.

आता मिळण्याचं. दुकानदार ४.५० ठेवतो कारण ती मधली आहे, बहुतेक बॅरलांना चालते आणि लगेच खपते. ४.४९ आणि ४.५२ आणल्या तर पैसे अडकून पडतात. तो एका डबीसाठी बाहेरून माल मागवणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. आपली मागणी विखुरलेली आहे, शिवाय हंगामी: शालेय जिल्हास्तर स्पर्धा जवळ आल्या की सगळे एकदम धावतात, तेव्हा जो लॉट शिल्लक असेल तो गळ्यात पडतो.

खपाचा अंदाज घ्या. एका सत्रात ६० शॉट आणि पंधरा-वीस सायटिंगचे (आधी नेम जुळवायचे), म्हणजे ८०. आठवड्यात पाच सत्रं धरली तर ४००, महिन्याला सोळा-सतराशे, म्हणजे ५००ची साडेतीन डबी. आयात मॅच पेलेटची डबी हजाराच्या वर जाते, तेव्हा सगळा सराव तिच्यावर करणं बहुतेक घरांना झेपत नाही. आम्ही सरावाला साधी ४.५०, आणि आठवड्यातलं एक सत्र व स्पर्धा ४.४९वर अशी विभागणी ठेवली. यात एक काळजी घ्या: पेलेट बदलली की ग्रुप जागेवरून सरकतो, साइट (नेम धरायची खूण) किती क्लिक फिरवली ते वहीत लिहून ठेवा. या हिशेबाने एका शूटरला वर्षाला मॅच पेलेटच्या आठ ते दहा डब्या पुरतात. पाच-सहा शूटर एकत्र आले तर चाळीस ते साठ डब्यांची मागणी होते, आणि एवढ्यासाठी मोठा विक्रेता एकच लॉट बाजूला ठेवायला तयार होतो. आधी त्याच लॉटची एक-एक डबी नमुन्याला मागवा, वाइसवर मारा, मगच उरलेल्यांचे पैसे भरा. ‘४.४९ पाठवा’ एवढंच सांगू नका, लॉट नंबर बिलावर लिहून घ्या.

परवान्याची भीती बाळगू नका. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल जेमतेम ७.८ ज्यूलच्या आसपास असते. २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकल्यापासून पालक थेट ५० मीटरबद्दल विचारतात. ती .२२ची रायफल, तिला परवाना आणि काडतुसांची नोंद हे सगळं आलं. सुरुवात १० मीटरवरूनच होते.

ओपन साइटच्या (साध्या उघड्या खुणांवरून नेम धरणाऱ्या) मुलांसाठी, स्प्रिंगच्या रायफलीसाठी आणि बॅरल कित्येक दिवस साफ न केलेल्यांसाठी ४.४९ घेऊ नका. बॅरल आधी फेल्टच्या बोळ्यांनी साफ करा, ब्रीचकडून (पेलेट भरायच्या मागच्या टोकाकडून) तोंडाकडे, उलट नाही. मग दहा-पंधरा शॉट मारून थर बसू द्या आणि हातातल्या ४.५०चाच ग्रुप पुन्हा मोजा. तो सहा मिमीच्या आत आला तर नवी पेलेट शोधायची गरज नाही. आला नाही तर ४.४९ आणि ४.५१ दोन्हींची एक-एक डबी नमुन्याला मागवा. पुढची एकत्र मागणी दिवाळीनंतर लगेच द्यायची आहे, तोवर आपल्या बॅरलचे तीन ग्रुप मोजून ठेवा.