४५० रुपयांचा स्पेक्ट्रोस्कोप, पैसे वसूल

लेकीला सायन्स डेसाठी सी. व्ही. रामन यांच्यावर प्रोजेक्ट होता, म्हणून रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून हा छोटा स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) आणला. काळी नळी, एका टोकाला बारीक फट, डोळ्याकडे ग्रेटिंग (रंग वेगळे करणारी, अगदी बारीक रेषा असलेली पट्टी), बास. पण काय दाखवतो राव! किचनमधल्या जुन्या ट्यूबलाइटकडे धरला तर सुट्या सुट्या रेघा दिसतात, त्यात ट्यूबमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी रेघ एकदम ठसठशीत, आणि तोच हॉलमधल्या एलईडीकडे वळवला की रेघा गायब, नुसता सलग रंगीत पट्टा. लेक अर्धा तास ह्या खोलीतून त्या खोलीत पळत होती.

मला तर अंगावर काटा आला, कारण रामननी पण २८ फेब्रुवारी १९२८ ला साध्या खिशातल्या स्पेक्ट्रोस्कोपमधूनच बघितलं होतं की पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश द्रवातून विखुरला की मूळ रंगाशेजारी नवीन रेघ येते, हाच रामन इफेक्ट, आणि १९३० ला नोबेल! त्याआधी १९०७ ते १९१७ हा माणूस सरकारी हिशेब खात्यात नोकरीला, आणि ऑफिसच्या आधी-नंतर कलकत्त्याच्या लॅबमध्ये.

ह्याच्यातून रामन इफेक्ट दिसणार नाही, तो प्रकाश फारच मंद असतो, हे दुकानातल्या काकांनी आधीच सांगितलं, ते आवडलं.

टोपण मात्र सैल आहे, बाजूने उजेड शिरतो, मी काळी टेप गुंडाळली. आणि सूर्याकडे धरून अजिबात बघू नका, पोरांना आधी हे सांगा.